टोळीतून परतणाऱ्यासाठी एक बर्णबा

शास्त्रपाठ: नीतिसूत्रे १:८-१९, प्रे. कृत्ये ९:२६-२८, ११:२५, २६, १५:३६-४०, २ तीमथ्य ४:११

नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात एका बापाने आपल्या मुलाला दिलेला इशारा आहे. वाईट सोबत धरू नको, हे तर प्रत्येक बाप सांगतो; परंतु ह्या बापाने त्या सोबत्यांचे बोलणे जसे असते तसे मुलापुढे ठेवले आहे. ते त्याला आपल्याबरोबर येण्याचे आमंत्रण देतात, निरपराध्यावर दबा धरण्याचा बेत सांगतात, घरे लुटीने भरून टाकण्याचे आमिष दाखवतात, आणि शेवटी सर्वांची थैली एकच राहील असे वचन देतात (वचने ११-१४). टोळीत मुलगा कसा ओढला जातो याचे इतके अचूक वर्णन क्वचितच आढळेल. लुटीचा मोह त्यात आहेच. पण त्याहूनही बलवान आहे तो आपलेपणाचा मोह. तू आमचा, आम्ही तुझे, आपले सारे एक, हेच त्या आमंत्रणाचे मर्म आहे.

हा इशारा आपण आपल्या मुलांना देतो, रविवारच्या शाळेतही शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने तो इशारा ऐकला नाही, किंवा ज्याला तो देणारा बापच नव्हता, आणि जो आज टोळीत आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी मंडळीजवळ काही सांगण्यासारखे, किंबहुना काही करण्यासारखे आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार आपण पवित्र शास्त्राच्या आणि काही प्रत्यक्ष घडलेल्या कार्यांच्या प्रकाशात करू.

टोळी काय देते?

दारिद्र्यामुळे मुले टोळीत जातात असे आपण सहज म्हणतो. पण त्याच गल्लीत, त्याच दारिद्र्यात वाढलेली बहुसंख्य मुले टोळीत जात नाहीत. ज्याचा बाप तुरुंगात अथवा दारूत हरवला, ज्याने घरात प्रेमापेक्षा मार अधिक खाल्ला, ज्याचे नाव शाळेने पटावरून काढले, अशा मुलापुढे टोळी चार गोष्टी ठेवते: नाव, संरक्षण, पैसा आणि त्याची वाट पाहणारी माणसे. या चारांपैकी एकही गरज मुळात पापमय नाही. देवानेच मनुष्य एकटा राहण्यासाठी निर्माण केला नाही (उत्पत्ती २:१८).

पाप आहे ते टोळीच्या देण्यात. तिचे संरक्षण नवे शत्रू निर्माण करते. तिने दिलेले नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढते. तिच्या पैशावर दुसऱ्याच्या रक्ताचे डाग असतात. म्हणूनच तो सुज्ञ बाप पुढे म्हणतो, की हे लोक दुसऱ्यासाठी दबा धरतात असे त्यांना वाटते, पण घात होतो तो त्यांच्या स्वतःच्या जिवाचा (वचन १८).

आता विचार करा. अशा तरुणाला आपण जेव्हा टोळी सोडण्यास सांगतो, तेव्हा त्या चारही गोष्टी एकाच दिवशी टाकून देण्यास सांगत असतो. त्याने त्या टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोठे जाणार? कोणाबरोबर जेवणार? जुने सोबती अथवा जुने वैरी दारात उभे राहिले, तर त्याच्या बाजूला कोण उभा राहील? केवळ उपदेशाने ह्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती एखाद्या माणसाने आपल्या जगण्यातून द्यावी लागतात.

बर्णबाने काय केले?

शौलाची आपल्याशी पहिली भेट होते ती स्तेफनाच्या वधाच्या ठिकाणी. ज्यांनी दगडमार केला त्यांची वस्त्रे एका तरुणाच्या पायांजवळ ठेवली होती, आणि तो तरुण म्हणजे शौल (प्रे. कृत्ये ७:५८). पुढे दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठले. तरीही तो यरुशलेमास आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले; त्याचा पालट खरा आहे यावर त्यांचा विश्वास बसेना (९:२६). त्यांच्या भीतीला आपण दोष देऊ नये. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचे लोक ह्याच माणसाने बंदीत टाकले असतील.

अशा वेळी बर्णबा पुढे आला. ज्याच्या नावाचा अर्थच बोधपुत्र, त्याने शौलाला जवळ केले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्याविषयी स्वतः साक्ष दिली. म्हणजे ज्याचे नाव मंडळीत कलंकित होते, त्याच्यासाठी त्याने आपले चांगले नाव पणास लावले. पण तो तेथेच थांबला नाही. शौल तार्सास गेल्यावर बर्णबा त्याला शोधत तेथे गेला, त्याला अंत्युखियास आणले, आणि दोघांनी वर्षभर एकत्र काम केले (११:२५, २६). जामीन राहणे, शोधत जाणे आणि बरोबर राहून काम देणे, ह्या तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. आज ज्याला मेंटॉर म्हणतात त्या सोबत्याचे सारे कार्य त्यांत सामावले आहे.

लॉस एंजेलिसचा एक धर्मगुरू

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात बॉईल हाइट्स नावाचा भाग आहे. तेथील डोलोरेस मिशन ह्या कॅथलिक पॅरिशमध्ये १९८६ साली फादर ग्रेगरी बॉईल हे जेझुइट धर्मगुरू नेमले गेले. शहरातील सर्वांत गरीब पॅरिशपैकी ही एक होती. तिच्या हद्दीत पिको गार्डन्स व अलिसो व्हिलेज ह्या सरकारी घरांच्या मोठ्या वसाहती होत्या, आणि त्यांत आठ टोळ्या एकमेकींशी झुंजत होत्या. शाळांनी काढून टाकलेली मुले दिवसभर रस्त्यावर असत. त्यांना घ्यायला कोणतीही शाळा तयार नाही हे पाहून पॅरिशनेच त्यांच्यासाठी एक शाळा उघडली. १९८८ साली त्यांना नोकऱ्या मिळवून देण्याचे काम सुरू झाले. टोळीतील मुले चर्चच्या आवारात वावरू लागली, तेव्हा पॅरिशमधील काहींना ते रुचले नाही. तथापि त्याच वसाहतींतील माता पुढे सरसावल्या. संध्याकाळी त्या प्रार्थना करीत, घोळक्याने, टोळ्यांच्या गल्ल्यांतून फिरत असत. ही मुले आपलीच आहेत, असे त्यांनी कृतीने सांगितले.

१९९२ च्या वसंत ऋतूत लॉस एंजेलिसमध्ये भीषण दंगल उसळली. त्याच वर्षी एका चित्रपट निर्मात्याच्या देणगीतून एक बंद पडलेली बेकरी विकत घेण्यात आली आणि तिला होमबॉय बेकरी असे नाव दिले गेले. तेथे वैरी टोळ्यांची मुले एकाच टेबलापाशी पीठ मळू लागली. ज्याला काल गोळी घालायची होती त्याच्याबरोबर आज पाव भाजायचे, ही गोष्ट शंभर प्रवचनांनी साधली नसती. १९९९ साली ही बेकरी आगीत भस्मसात झाली, तरी कार्य थांबले नाही. २००१ साली होमबॉय इंडस्ट्रीज ही स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि अशा प्रकारच्या कार्यांत आज ती जगात सर्वांत मोठी मानली जाते. तेथे येणाऱ्यास सुमारे अठरा महिने पगारी काम मिळते. त्याबरोबर समुपदेशन, शिक्षण, कायद्याची मदत, पालकत्वाचे वर्ग मिळतात, आणि अंगावरील टोळीची गोंदणे विनामूल्य काढली जातात. ह्या शेवटच्या सेवेला हसू नये. ज्याच्या कपाळावर वा मानेवर टोळीचे नाव गोंदलेले आहे त्याला कोण नोकरीवर ठेवणार? आणि रस्त्यावरचा वैरी तरी त्याला कसा विसरणार?

फादर बॉईल यांच्या अनुभवातील एक गोष्ट मंडळीने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या वर्षांत ते सायकलवरून टोळ्याटोळ्यांत फिरत आणि त्यांच्यात समेट घडवून आणीत. पुढे त्यांनी ते सोडून दिले. टोळ्यांशी वाटाघाटी केल्याने टोळी ही जणू मान देण्याजोगी संस्था ठरते आणि तिला बळ मिळते, असे त्यांना दिसून आले. तेव्हापासून त्यांनी टोळीशी नव्हे, तर टोळीतील एकेका माणसाशी नाते जोडले. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातील मेंढपाळही कळपांची परिषद भरवीत नाही. तो त्या एकाच्या मागे जातो (लूक १५:४).

बॉस्टन: जो हजर असतो तो

मे १९९२ मध्ये बॉस्टन शहराच्या मॅटापान भागातील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये टोळीच्या हिंसेत मारल्या गेलेल्या एका तरुणाची अंत्यविधीची उपासना चालू होती. त्या उपासनेतच टोळीचे तरुण आत घुसले आणि शोक करण्यास आलेल्या एकावर त्यांनी सुऱ्याने वार केले. ह्या घटनेने शहरातील कृष्णवर्णीय मंडळ्यांचे पाळक हादरून गेले. आपण रस्त्यावर गेलो नाही म्हणून रस्ता आपल्या वेदीपर्यंत आला, हे त्यांनी ओळखले. यूजीन रिव्हर्स, रे हॅमंड, जेफ्री ब्राउन आदी पाळकांनी मिळून टेन पॉइंट कोअॅलिशन नावाची संघटना उभी केली.

त्यांनी शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत धोक्याच्या वस्त्यांत पायी फिरण्याचा नेम धरला. प्रथम कोणी त्यांच्याशी बोलेना. हे किती दिवस टिकतात हे रस्त्यावरची मुले दुरून पाहत होती. पाळक येत राहिले, तेव्हाच संभाषण सुरू झाले. आणि तेही पाळकांनी बोलण्यापेक्षा ऐकण्याची तयारी दाखवली म्हणून. रिव्हर्स यांनी एका अमली पदार्थ विक्रेत्याचे बोलणे अनेकदा सांगितले आहे. त्याचा आशय असा, की मुलगा शाळेला जाताना, शाळेतून येताना आणि आजीसाठी पाव आणायला बाहेर पडतो तेव्हा मी तेथे असतो, तुम्ही नसता. म्हणून तो माझा होतो, तुमचा होत नाही. मंडळीच्या कार्याचे इतके कठोर व इतके सरळ परीक्षण एखाद्या धर्मपरिषदेतही झाले नसेल.

बॉस्टनमध्ये १९९० साली १५२ खून झाले होते. १९९९ साली ती संख्या ३१ वर आली. याचे सारे श्रेय पाळकांना देणे सत्याला धरून होणार नाही. पोलीस, परिवीक्षा अधिकारी, रस्त्यावर काम करणारे समाजसेवक, १९९६ साली सुरू झालेली शस्त्रविरोधी मोहीम, ह्या सर्वांचा त्यात वाटा होता. पाळकांचे कार्य असे, की पोलीस आणि वस्ती यांच्यामध्ये दोघांचाही विश्वास असलेली माणसे उभी राहिली. २००० नंतर ही एकजूट सैल झाली आणि पुढील काही वर्षांत खून पुन्हा वाढले. हे कार्य एकदा करून संपत नाही, हाच त्याचा बोध.

पालट झाल्यानंतरची वाट

आपल्या वाचकांपैकी अनेकांना डेव्हिड विल्करसन आणि निकी क्रूझ यांची कहाणी ठाऊक असेल. खेड्यातील हा तरुण पाळक १९५८ साली न्यूयॉर्कच्या टोळ्यांत सुवार्ता घेऊन गेला, आणि एका टोळीचा नायक असलेला क्रूझ ख्रिस्ताकडे वळला. आपण त्या पालटाचा क्षण आठवतो. पुढचे मात्र विसरतो. क्रूझला शहरापासून दूर कॅलिफोर्नियातील बायबल शाळेत पाठवण्यात आले. विल्करसन यांनी १९६० साली ब्रुकलिन येथे एक घर उघडले, कारण सभेत हात वर करणारा तरुण सभा संपल्यावर त्याच जुन्या जिन्याखाली झोपायला जात होता. देवाच्या कृपेने मन एका क्षणात पालटू शकते. परंतु राहण्याचे घर, हाताला काम आणि भोवतीची माणसे पालटण्यास काळ लागतो. तो काळ ज्याच्या सोबतीने जाईल असा कोणीतरी हवा.

आपल्यासमोरील कार्य

ही परदेशातील उदाहरणे झाली. पण प्रश्न परदेशातच राहिलेला नाही. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात हाती कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या वारंवार आल्या, आणि पकडलेल्यांत अठरा वर्षांखालील मुलेही होती. ज्या वस्त्यांत हे घडते, त्याच वस्त्यांत आपल्या मंडळ्यांची कुटुंबेही राहतात. तेव्हा हे कार्य हाती घेऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट, एकट्याने जाऊ नये. दोघे बरे, असे उपदेशक सांगतो (४:९-१२), आणि प्रभूनेही शिष्यांना जोडीजोडीने पाठवले. मुलगा अज्ञान असेल तर आईबापांची संमती घ्यावी आणि त्याला एकांतात भेटू नये. यात मुलाचे रक्षण आहे, आणि सोबत्याचेही.

दुसरी, कायद्याची वाट सोडू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. त्याचा उद्देश मुलाची काळजी व पुनर्वसन हा आहे, आणि मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. म्हणून अशा मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याची साक्ष गाजवू नये. घडलेला गुन्हा लपवून ठेवण्याचे वचन त्याला कधीही देऊ नये. त्याच्याबरोबर वकिलाकडे, मंडळापुढे, पोलीस ठाण्यात जावे. त्याच्या वतीने खोटे मात्र बोलू नये.

तिसरी, मदतीला बाप्तिस्म्याची अट घालू नये. शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूला त्याचा धर्म विचारला नाही. मुलगा कोणत्याही धर्माचा असो, भाकर व काम ही आमिषे होऊ नयेत. आपण हे का करतो असे त्याने विचारले, तर आपल्या ठायी असलेल्या आशेचे उत्तर सौम्यतेने द्यावे (१ पेत्र ३:१५).

चौथी, काम शोधावे. मंडळीत गॅरेज चालवणारे, सुतार, वीजतंत्री, दुकानदार, छापखानेवाले आहेत. वर्षभर एका मुलाला हाताखाली घेण्यास तयार असलेला एक गॅरेजवाला दहा वक्त्यांहून अधिक उपयोगी पडेल.

पाचवी, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना विसरू नये. ज्या घरातील मुलगा मारला गेला, ज्या दुकानदाराचे दुकान फोडले गेले, त्यांच्या दुःखाकडे पाठ करून गुन्हेगाराला जवळ करणे म्हणजे क्षमा नव्हे. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याची तयारी दाखवली (लूक १९:८). अनेसिमाला परत पाठवताना पौलानेही त्याचे ऋण नाकारले नाही. ते आपल्या खात्यावर मांडण्यास सांगितले (फिलेमोन १८). सोबत्याने तरुणाला भरपाईच्या वाटेवर आणावे, आणि ती वाट त्याच्याबरोबर चालावी.

तो पुन्हा पडला तर?

तो पुन्हा पडण्याचा संभव आहे. ह्या कार्यात उतरणाऱ्याने हे आधीच जाणून असावे. सहा महिने नेमाने कामावर आलेला मुलगा एके दिवशी येत नाही, आणि रात्री त्याच्या अटकेची बातमी येते. कधी त्याहून वाईट बातमी येते. फादर बॉईल यांनी ज्यांना ओळखले व ज्यांच्यावर प्रेम केले अशा दोनशेहून अधिक तरुणांना १९८८ पासून मूठमाती दिली आहे. २०१० साली पैशाअभावी त्यांच्या संस्थेला बहुतेक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावे लागले. तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण पगाराशिवाय कामावर येत राहिले. २०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी बॉईल यांना त्या देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. परंतु त्या कार्याचे खरे प्रमाणपत्र म्हणजे बिनपगारी कामावर आलेली ती माणसे. ज्यांनी एकेकाळी थैलीसाठी टोळी धरली होती, ती आता रिकाम्या थैलीच्या घरातही टिकून राहिली.

बर्णबाच्या चरित्राचा शेवटचा प्रसंग याच संदर्भात वाचावा. योहान मार्क पंफुल्यात त्यांना सोडून परत गेला होता. पुढच्या प्रवासात त्याला बरोबर घेण्यास पौलाचा विरोध होता. ज्याच्यासाठी बर्णबा एकदा जामीन राहिला होता, तोच पौल आता दुसऱ्याला दुसरी संधी देण्यास तयार नव्हता. मतभेद इतका तीव्र झाला की ते विभक्त झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला (१५:३७-३९). त्याच्या हट्टाचे फळ काय झाले ते पौलाच्याच लेखणीतून आपणास कळते. बंदिवासात, आयुष्याच्या अखेरीस, तो तीमथ्याला मार्काला बरोबर आणण्यास सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). बर्णबा त्या वेळी तेथे नाही. त्याने केलेले काम मात्र तेथे आहे.

टोळी मुलाला सांगते की तू आमचा. मंडळीने तेच सांगावे. आणि तो चुकल्यावरही, त्याच्यामुळे आपल्याला लाज वाटल्यावरही, ते मागे घेऊ नये. असे नाते टोळी देऊ शकत नाही, कारण तिच्या आपलेपणाची किंमत दुसऱ्याच्या रक्ताने चुकवली जाते. आपणांस मिळालेल्या आपलेपणाची किंमत प्रभूने स्वतःच्या रक्ताने चुकवली आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. नीतिसूत्रे १:११-१४ मधील आमंत्रणात कोणकोणती आमिषे आहेत? आपल्या भागातील तरुणांना त्यांपैकी कोणते अधिक ओढते?

२. बर्णबाने शौलासाठी उचललेल्या तीन पायऱ्या कोणत्या? त्यांपैकी कोणती आपल्या मंडळीत सहसा राहून जाते?

३. टोळ्यांमध्ये समेट घडवणे आणि टोळीतील एकेका तरुणाशी नाते जोडणे, यांत काय फरक आहे?

४. तुरुंगातून अथवा निरीक्षणगृहातून परतलेला तरुण येत्या रविवारी उपासनेला आला, तर त्याच्याजवळ कोण बसेल? सोमवारी त्याला काम कोण देईल?

५. ज्यांच्यावर त्या तरुणाने अन्याय केला असेल, त्यांच्यासाठी मंडळीने काय करावे?